थंड पाण्यातली भालामासेमारी: माँटेरीच्या किनाऱ्यावर स्पिअरगनचा नेम कसा बसवायचा

कोकणच्या समुद्रात मे महिन्यात पाणी २९-३० अंश सेल्सिअस असतं. कॅलिफोर्नियाच्या मध्य किनाऱ्यावर, माँटेरी आणि कार्मेलच्या आसपास, वर्षभर ते साधारण ९ ते १५ अंशांत राहतं. वसंतात वायव्येचे वारे वरचं पाणी बाहेर ढकलतात आणि खोलातलं गार पाणी वर येतं. म्हणून एप्रिल ते जून हेच महिने पाण्यात सर्वांत थंड. सप्टेंबर ते नोव्हेंबर पाणी त्यातल्या त्यात ऊबदार आणि स्वच्छ असतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात नव्याने आलेल्या मराठी माणसाला सुरुवात करायची असेल तर हीच वेळ निवडावी.

भाल्याने मासेमारी म्हणजे एका दमात बुडी मारून, मासा निवडून, त्याच्यावर एकच वार करणं. त्यासाठीची स्पिअरगन म्हणजे ताणलेल्या रबराने भाला फेकणारी बंदूक. गळाला लागलेला मासा लहान निघाला तर सोडता येतो. भाला लागलेला मासा परत सोडता येत नाही, आणि निसटला तरी बहुतेक वेळा मरतोच. म्हणून इथे नेम हा जबाबदारीचा विषय आहे, आणि तो चाप ओढण्याच्या बऱ्याच आधी ठरतो. कुडकुडणारं अंग, चुकीचं अंतर, असमान रबर किंवा जरासा वाकलेला शाफ्ट (गनमधून सुटणारा सळईसारखा भाला) यांतलं एकही कारण असेल तर चाप कितीही नजाकतीने ओढला तरी मासा चुकतो. नवशिके बहुधा जास्त ताकदीची गन घेऊन हा प्रश्न सोडवायला जातात आणि तो वाढवून ठेवतात.

पुढचं सगळं वाचण्याआधी एक अट. फ्रीडायव्हिंगचा, म्हणजे हवेच्या टाकीविना एका दमात बुडी मारण्याचा, प्राथमिक कोर्स, बचावाच्या सरावासह, पूर्ण झालेला हवा. लाटांतून आत-बाहेर करणं आणि ७ मिलिमीटर जाड निओप्रीनच्या (फोमसारख्या रबराच्या) सूटमध्ये पोहणं अंगवळणी पडेपर्यंत गन घरी ठेवा. माँटेरीच्या सॅन कार्लोस बीचवरचा ब्रेकवॉटर (लाटा अडवणारा बांध) या सरावासाठी चांगला आहे. तिथे भाल्याने मासे मारायचे नाहीत, फक्त पाण्याची सवय करायची.

परवाना, हद्द आणि माशांची ओळख

१६ वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला कॅलिफोर्निया मत्स्य व वन्यजीव विभागाचा मासेमारी परवाना लागतो. राज्यात सलग ६ महिने राहिलेला माणूस रहिवासी दरात परवाना काढू शकतो, व्हिसा कुठला याचा इथे संबंध नाही. किनाऱ्यावरून पाण्यात उतरत असाल तर परवाना ५०० यार्डांच्या आत, म्हणजे गाडीत किंवा बॅगेत ठेवला तरी चालतो.

राज्यात १२४ संरक्षित सागरी क्षेत्रं आहेत आणि माँटेरी परिसरात ती एकमेकांना खेटून आहेत. पॉइंट लोबोस आणि लव्हर्स पॉइंट–ज्युलिया प्लॅट या राखीव क्षेत्रांत काहीही काढायला मनाई आहे. काही क्षेत्रांत गळाने मासे चालतात, भाल्याने नाही. त्यामुळे नुसतं ‘इथे मासेमारी चालते’ हे ऐकून उतरू नका. विभागाच्या नकाशावर त्या ठिकाणाचा नियम शब्दशः वाचा आणि हद्द किनाऱ्यावरच्या खुणेशी जुळवून ठेवा. व्हेंच्युरा काउंटीच्या उत्तरेला नदी-ओढ्याच्या मुखापासून १०० यार्डांच्या आत भाल्याने मासेमारी करता येत नाही. सामन माशावर भाला चालवायचाच नाही. रेड अबलोनी, म्हणजे खडकाला चिकटणारी मोठी सागरी गोगलगाय, काढणं २०१८ पासून बंद आहे, खडकावर कितीही मोठी दिसली तरी हात लावू नका.

इथले मुख्य मासे म्हणजे लिंगकॉड, रॉकफिशच्या अनेक जाती आणि कॅबेझॉन. लिंगकॉडची किमान लांबी २२ इंच, सुमारे ५६ सेंटिमीटर. मर्यादा आणि हंगाम वर्षागणिक बदलतात, म्हणून दर वेळी निघण्यापूर्वी ताजे नियम बघायचे. रॉकफिशमध्ये यलोआय आणि काउकॉडसारख्या काही जाती मारायला बंदी आहे. ओळख पक्की नसेल तर चाप नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून लावून घ्या. हिवाळ्यात लिंगकॉडचा नर कपारीतल्या अंड्यांच्या घरट्यावर पहारा देतो आणि जवळ गेलं तरी हलत नाही. नेम धरायला तो अगदी सोपा असतो, पण त्याला मारलं की अंडी इतर माशांच्या तोंडी जातात. त्याला सोडून द्या.

थंडीची व्यवस्था

सूट ७ मिलिमीटरचा, दोन तुकड्यांचा, टोपी जॅकेटलाच जोडलेली आणि आतून ओपन-सेल, म्हणजे अस्तर नसलेला. ओपन-सेल निओप्रीन कातडीला चिकटून बसतं, आत पाणी खेळत नाही, म्हणून ऊब टिकते. पण ते कोरडं चढवलं तर फाटतं. केसांचं कंडिशनर एक भाग आणि कोमट पाणी आठ-दहा भाग बाटलीत हलवून सूटच्या आत ओता, मग चढवा. पायांत ५ मिलिमीटरचे मोजे. हातमोजे दोन जाडीचे ठेवा: चाप ओढणाऱ्या हाताला ३ मिलिमीटर, दुसऱ्याला ५. सूटच्या छातीवर रबर चढवण्यासाठी जाड पॅड असायला हवा, नाहीतर गनचा दस्ता बरगड्यांत रुततो.

वजनाचा पट्टा रबराचा घ्या. खोलात सूट आणि पोट दोन्ही दबतात, कापडी पट्टा सैल होऊन फिरतो. १० मीटरवर दाब दुप्पट होतो आणि सूटमधल्या हवेचे बुडबुडे जवळजवळ निम्म्यावर येतात, म्हणजे तरंगण्याची ताकदही तितकीच घटते. ७५ किलोच्या माणसाला या सूटमध्ये साधारण ८ ते १० किलो वजन लागतं, पण आकडा अंगावरच ठरवायचा. तो असा:

१. अंदाजापेक्षा १ किलो कमी लावून, शांत पाण्यात, स्नॉर्कल तोंडात ठेवून उभे तरंगा.
२. पूर्ण श्वास भरा. पाणी हनुवटीच्या खाली राहिलं पाहिजे.
३. नेहमीसारखा श्वास सोडा, जोर न लावता. पाणी डोळ्यांपर्यंत यावं, डोकं बुडता कामा नये.
४. डोकं बुडत असेल तर वजन कमी करा. बुडी मारणं जड गेलं तरी चालेल.

हे इतकं ठासून सांगण्याचं कारण असं की शुद्ध हरपलेला माणूस वर तरंगला तर जोडीदार त्याला वाचवू शकतो. बुडाला तर फार अवघड.

टोपीबद्दल एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. टोपीत हवा अडकून राहिली तर खाली जाताना बाहेरच्या कानावर ताण येतो आणि नाक दाबून कान कितीही फुंकले तरी दुखणं थांबत नाही. पहिल्या बुडीआधी टोपीची कड बोटाने ओढून कानांत पाणी जाऊ द्या. दोन क्षण गार लागेल, मग कान सरळ जुळतात.

थंडी पहिल्यांदा बोटांत जाणवते. अंगठा आणि करंगळी एकमेकांना सहज टेकत नसतील तर त्या दिवसापुरती गन बंद. कुडकुडणं सुरू झालं, बोलताना जीभ अडखळली की किनारा गाठायचा. सुरुवातीला दीड तासाच्या वर पाण्यात राहू नका. पाण्यात सारखी लघवी लागते, शरीरातलं पाणी कमी होतं आणि दम आखूड होतो, म्हणून आधी भरपूर कोमट पाणी प्या. थर्मासमधलं ऊन पाणी उतरण्यापूर्वी मोज्यांत आणि हातमोज्यांत ओतलं तर पहिला अर्धा तास बोटं शाबूत राहतात.

दम आणि जोडीदार

एक खाली, एक वर. दोघेही एकाच वेळी बुडी मारत असतील तर ती जोडी नव्हे. खालचा वर आला की वरच्याने त्याच्या चेहऱ्याकडे पूर्ण ३० सेकंद बघायचं, कारण शुद्ध बऱ्याचदा पृष्ठभागावर आल्यानंतरच्या पहिल्या काही श्वासांत हरपते. बुडीआधी भराभर श्वास घेणं सर्वांत घातक. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि श्वासाची ओढ उशिरा लागते, ऑक्सिजन मात्र वाढत नाही. वर येताना बाहेरचा दाब उतरतो, तसा फुप्फुसातल्या ऑक्सिजनचा दाबही उतरतो, आणि शेवटच्या काही मीटरांत मेंदूला तो पुरत नाही.

नवशिक्याला ५ ते ८ मीटर खोली आणि ३०-४० सेकंदांची बुडी पुष्कळ झाली. जितका वेळ खाली, त्याच्या किमान दुप्पट वेळ वर विश्रांती. मासा चुकल्यावर लगेच परत बुडी मारण्याची घाई होते, आणि अपघात तिथेच होतात.

गन निवडताना

इथे पाण्यातलं ३ ते ६ मीटरपर्यंतचं दिसतं, चांगल्या दिवशी थोडं जास्त. त्यामुळे ७५ ते ९० सेंटिमीटरची रबरवर चालणारी गन पुरते. ११० ची गन केल्पच्या (उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाच्या) देठांमध्ये वळवता येत नाही आणि कपारीत तर आतच जात नाही. बरेच जाणते लोक पहिलं वर्ष गनऐवजी पोल-स्पिअर वापरायला सांगतात, आणि तो सल्ला योग्यच आहे. हातातल्या काठीला एकच रबर, पल्ला हातभर-दोन हात, त्यामुळे माशाजवळ शांतपणे जाणं आपोआप शिकलं जातं.

९० च्या गनला साधारण १३० सेंटिमीटर लांब आणि ६.५ ते ७ मिलिमीटर जाड स्टीलचा शाफ्ट असतो. टोकाजवळ बिजागरीवरचं पातं, म्हणजे फ्लॉपर. मागे खाचा, त्यांत रबराचा विशबोन (रबराच्या दोन टोकांना जोडणारा दोरीचा तुकडा) अडकतो. शाफ्टला बांधलेला दोर गनच्या तोंडापासून मागे, चापाजवळच्या लाइन-रिलीजपर्यंत (दोर धरून ठेवणाऱ्या आकड्यापर्यंत) आणि परत जातो. चाप ओढला की शाफ्ट आणि दोर एकदमच सुटतात.

दुकानात गन हातात घेताना तो जाड हातमोजा घालूनच घ्या. चापाभोवतीच्या कड्यात मोज्यातलं बोट सहज आत-बाहेर झालं पाहिजे. घट्ट बसणारं बोट थंडीत बधिर झाल्यावर चापावर कधी दाबलं गेलं ते कळत नाही.

रबराचं माप

नेमाच्या निम्म्या तक्रारी इथे सुटतात. रबराची ताण-पट म्हणजे ताणलेली लांबी भागिले सैल लांबी. ३ ते ३.५ ही पट ठीक. त्याहून कमी असेल तर शाफ्ट मंद जातो, ४ च्या जवळ गेलं तर रबर लवकर मरतं आणि थंड हातांनी चढवताच येत नाही.

उदाहरण घेऊ. गनच्या तोंडातल्या भोकापासून ज्या खाचेत रबर अडकवायचं तिथपर्यंत ८० सेंटिमीटर. विशबोनचे ४ वजा केले, उरले ७६. पट ३.२ धरली तर ७६ भागिले ३.२ म्हणजे २३.७५ एका बाजूला, दोन्ही मिळून ४७.५. तोंडाच्या भोकात अडकणारा ३ सेंटिमीटरचा भाग ताणत नाही, तो वेगळा मिळवा. दोन्ही टोकांना मणी आणि गाठ यांत प्रत्येकी दीड सेंटिमीटर जातं. एकूण ५३.५ सेंटिमीटरचा तुकडा कापायचा.

जाडी १६ मिलिमीटरचं एक रबर, किंवा १४ मिलिमीटरची दोन. ९० च्या हलक्या गनवर १६ ची दोन रबरं लावण्याचा मोह होतो. त्याने पातळ शाफ्ट सुटताना धनुष्यासारखा वाकतो, गन मनगटात उसळी मारते आणि शाफ्ट पूर्ण बाहेर पडण्याआधीच दिशा बदललेली असते. ३ मीटरवरच्या माशासाठी ती ताकद लागतही नाही.

रबर बसवल्यावर विशबोनच्या मध्यावर आणि रबराच्या मध्यावर मार्करने खूण करा. रबर चढवताना एक बाजू जास्त ताणली गेली की खुणा सरकलेल्या दिसतात. असमान ताण शाफ्टला आडवा रेटतो.

नेम कुठे बिघडतो

पहिलं कारण नजरेची रेघ. समजा डोळा शाफ्टच्या रेषेपासून १० सेंटिमीटर वर आहे आणि शाफ्टच्या टोकापासून १५० सेंटिमीटर मागे. तुम्ही टोक माशावर टेकवलंत आणि मासा टोकाच्या पुढे ३ मीटरवर आहे. डोळ्यातून निघून टोकावरून जाणारी रेघ खाली उतरते, शाफ्ट मात्र स्वतःच्या रेषेत सरळ जातो. ३०० भागिले १५० म्हणजे दोन, आणि दोन गुणिले १० म्हणजे २० सेंटिमीटर. शाफ्ट माशाच्या इतका वरून जातो. रॉकफिश सबंध तेवढा उंच नसतो. ‘पाठीवरून गेला’ ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार बहुधा याच भूमितीची असते.

उपाय: हात पूर्ण लांब, कोपर ताठ, डोकं खाली आणून गाल दंडाजवळ, आणि शाफ्टचं मागचं टोक व पुढचं टोक एका रेषेत. नळीचा पृष्ठभाग लांब पट्ट्यासारखा दिसत असेल तर डोळा अजून वरच आहे. नुसतं टोक आणि त्यामागे आखूड झालेली नळी दिसली पाहिजे. कुठला डोळा प्रबळ आहे ते जमिनीवर तपासा: दोन्ही तळव्यांच्या फटीतून दूरची वस्तू बघा आणि आळीपाळीने डोळा मिटा. ज्या डोळ्याला वस्तू फटीतच राहते तो प्रबळ. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रबळ असेल तर नेम एका बाजूला सरकतो. अशा वेळी डोकं थोडं जास्त वळवून तोच डोळा शाफ्टच्या मागे आणावा लागतो.

दुसरं कारण अंतर. मास्कच्या सपाट काचेमुळे पाण्यातली वस्तू खऱ्या अंतराच्या तीन-चतुर्थांशावर आणि सुमारे एक-तृतीयांश मोठी वाटते. ३ मीटरवर वाटणारा मासा खरा ४ मीटरवर असतो. तिथपर्यंत शाफ्टचा वेग उतरतो, टोक खाली झुकतं आणि दोर ओढ देतो. मासाही आणि तुम्हीही पाण्यातच असल्यामुळे, काठावर उभं राहून बघताना जशी जागा सरकलेली दिसते तशी इथे दिसत नाही. म्हणून नेम मुद्दाम खाली-वर धरायचा नाही, अंतर कमी करायचं. ७५-९० च्या गनला शाफ्टच्या टोकापासून २ ते ३ मीटर ही कामाची कक्षा. पहिल्या हंगामात २ मीटरच्या पुढे चाप ओढू नका.

हाच भास मापालाही लागू. २२ इंचांचा वाटणारा लिंगकॉड प्रत्यक्षात साडेसोळा इंचांचा निघतो, म्हणजे बेकायदा. पाण्यात जो सरळसरळ ३० इंचांचा दिसतो, तोच मापात बसतो असं धरून चाला.

तिसरं मनगट. रबराचा रेटा शाफ्टच्या रेषेत, तर मूठ तिच्या खाली. त्यामुळे सुटताना गनचं तोंड वर उसळतं. मूठ घट्ट, मनगट कोपराच्या रेषेत कुलूपबंद, आणि चाप बोटाच्या पेरीने हळूहळू मागे. बधिर बोटाने झटका दिला की टोक बाजूला जातं.

आणि मग सामान. शाफ्ट काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर ठेवून फिरवा. टोक भोवऱ्यासारखं डगमगलं तर तो सरळ करा किंवा बदला. फ्लॉपर सैल असेल तर सुकाणूसारखा वागतो, त्याच्यावर छोटी रबरी कडी बसवा. दोर भरलेल्या गनवर नुसता ताठ हवा. बोटाने छेडल्यावर तारेसारखा वाजत असेल तर ताण जास्त आहे, शाफ्ट सुटताना तो खाली खेचतो. शेवटी गनचा तोल: पाण्यात भरलेली गन दोन बोटांवर धरली की आडवी राहावी, तोंड फार तर किंचित खाली. तोंड जड असेल तर ताठ हात १५ सेकंदांत थरथरायला लागतो.

लक्ष्यावर सराव

गन सागरी क्षेत्राच्या नियमांत बसेल अशा, वाळूच्या तळाच्या, शांत आणि रिकाम्या जागी न्या. घट्ट फोमचा ३० सेंटिमीटरचा चौकोन, खाली वजन आणि वर छोटा बोया बांधून तळापासून मीटरभर उंच उभा करा. शाफ्टला फ्लॉपर नसलेलं साधं टोक लावा, नाहीतर प्रत्येक वेळी फोम फाटतो. लक्ष्यामागे कुणीही नाही, जोडीदार तुमच्या मागे.

टोकापासून बरोबर २ मीटरवर दोर आखून घ्या आणि ५ वार करा. प्रत्येकानंतर टोचलेली जागा पाटीवर टिपा. एका वाराने काहीच कळत नाही, पाचांचा पुंजका बोलतो.

पुंजका घट्ट पण वर असेल तर नजर किंवा उसळी. दोन रबरं असतील तर एक काढून पुन्हा ५ वार करा. पुंजका खाली आला तर दोष उसळीचा होता, तिथेच राहिला तर डोळ्याच्या रेघेचा. घट्ट पण एका बाजूला असेल तर आधी रबराच्या खुणा, मग शाफ्ट, मग प्रबळ डोळा, याच क्रमाने बघा. घट्ट पण खाली असेल तर दोर फार ताठ आहे किंवा रबर मरतुकडं झालंय. सगळीकडे विखुरलेला असेल तर गनला हात लावू नका: बोटं गार झालीत किंवा दम संपत आलाय. पाचही वार तळहाताएवढ्या जागेत यायला लागल्यावरच माशावर जायचं. याला कित्येक आठवडे लागतील आणि ते लागू द्यावेत.

प्रत्यक्ष समुद्रात

निघण्याआधी माँटेरीच्या बाहेर असलेल्या नोआच्या (अमेरिकेच्या सागर-हवामान संस्थेच्या) मापन बोयाचे, क्रमांक ४६०४२ चे, आकडे बघा. लाटांची उंची जितकी महत्त्वाची तितकंच दोन लाटांमधलं अंतर. १४ सेकंदांच्या वर असेल तर उंची कमी दिसली तरी उथळ खडकांत पाणी जोराने पुढे-मागे हेलकावतं, आणि तिथे नेम धरणं व्यर्थ. सकाळी वारा कमी असतो, दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो. कार्मेलजवळचा मोनॅस्ट्री बीच दिसायला शांत, पण तळ एकदम खोल जातो आणि लाट पायाखालची भरड वाळू ओढते. तिथे अनेक जीव गेले आहेत. नवशिक्याने तिथून उतरू नये.

लाटा ओलांडून पलीकडे गेल्यावरच गन भरायची. दस्ता छातीच्या पॅडवर, तोंड मोकळ्या पाण्याकडे, दोन्ही हातांनी रबराच्या दोन बाजू सारख्या ओढून खाचेत. पाण्याबाहेर भरलेली गन कधीही नाही, आणि सेफ्टीचा खटका लावला म्हणून ती सुरक्षित आहे असं मानायचं नाही. परत येताना लाटांच्या आधी रबर काढून घ्या.

केल्पमध्ये अडकलात तर ओढाताण करू नका. देठ ताणायला चिवट, पण दुमडला की कट्कन तुटतो. सुरी दंडावर किंवा पट्ट्यावर, दोन्ही हातांना पोचेल अशी. वर येताना एक हात डोक्यावर. बोयाचा लांब दोर सोबत ओढत केल्पमधून हिंडणं म्हणजे स्वतःला बांधून घेणं. बोया केल्पच्या कडेला अडकवून ठेवा आणि मासे तिथे आणून लावा. रक्ताळलेला मासा कमरेला लटकवून बुड्या मारू नका, हा किनारा पांढऱ्या शार्कचाही आहे.

खाली जाताना हात आधीच अर्धा लांब असू द्या. माशासमोर एकदम हात ताणला की तो निघून जातो. तळाशी खडकाआड निश्चल पडून राहा, थेट त्याच्या डोळ्यात बघू नका. काळे आणि निळे रॉकफिश कुतूहलाने स्वतःच जवळ येतात. लिंगकॉड खडकाच्या कठड्यावर बसलेला असतो, त्याच्याकडे बाजूने सरकावं लागतं. मासा आडवा झाला की कल्ल्याच्या झाकणाच्या मागे, बाजूच्या रेघेच्या किंचित वर नेम. तिथे कणा आहे, वार बसला की तो जागीच थांबतो. पोटात लागलेला शाफ्ट मऊ मांस फाडून निसटतो. माशाच्या पाठीमागे लगेच खडक असेल तर कोन बदला किंवा वार सोडून द्या, नाहीतर टोक बोथट आणि शाफ्ट वाकडा होऊन त्या दिवसाचा नेम तिथेच संपतो.

वार बसल्यावर शाफ्ट दोन्ही हातांनी धरून वर या. आधी स्वतःचे श्वास पूर्ववत, मग मासा. डोळ्याच्या मागे वर सुरीचं टोक खुपसून मेंदू निकामी करा, कल्ले कापून रक्त जाऊ द्या आणि बर्फ-पाण्यात ठेवा. रॉकफिशच्या काट्यांत सौम्य विष असतं, हातमोजे काढू नका. लिंगकॉडचं मांस कधी निळं-हिरवं निघतं, घाबरू नका, शिजल्यावर पांढरं होतं आणि रवा लावून तव्यावर फार छान लागतं. कॅबेझॉनची गाबोळी मात्र विषारी आहे. आपल्याकडे गाबोळी आवडीने खातात, म्हणून घरच्या सगळ्यांना हे आधी सांगून ठेवा आणि ती साफ करतानाच टाकून द्या.

घरी आल्यावर गन गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून चाप अनेकदा हलवा, वाळूचा एक कण यंत्रणेत राहिला तर चाप अडखळतो. रबर उन्हात वाळवू नका, सावलीत टांगा. बोटाने वाकवून बघा, बारीक भेगा दिसल्या तर रबर बदला; दोन असतील तर दोन्ही एकदमच, एक जुनं आणि एक नवं कधीच नाही. शाफ्टचं टोक कानशीने घासून नखावर टेकवा. घसरत असेल तर अजून धार हवी, अडकत असेल तर तयार.